अतिगरिबाच्या हातात आधी काय द्यावे?

शाहूवाडी तालुक्यातल्या एका लहान विश्वस्त संस्थेत नव्याने काम करू लागलेल्या कार्यकर्त्याचा हा प्रश्न आहे. संस्थेकडे देणगीतून दहा लाख रुपये जमले आहेत. डोंगरकपारीतल्या वाड्यांवर आणि धनगरवाड्यांवर राहणाऱ्या दोनशे सर्वांत गरीब कुटुंबांना प्रत्येकी पाच हजार रुपये कर्जाऊ द्यावेत, आठवड्याच्या हप्त्याने ते वसूल करावेत आणि तोच पैसा पुन्हा फिरवावा, असा त्यांचा विचार आहे. यातून ही कुटुंबे गरिबीतून बाहेर येतील का, आणि येणार असतील तर किती वर्षांत, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना गैरसमज राहणार नाही. या पद्धतीने ती कुटुंबे बाहेर येणार नाहीत, आणि त्यांतली काही आज आहेत त्याहून अधिक अडचणीत जातील. कोल्हापूर जिल्ह्यात बचत गट बांधण्याचे, त्यांचे हिशेब तपासण्याचे आणि बँकेत त्यांची बाजू मांडण्याचे काम मी वीस वर्षांहून अधिक काळ करत आले आहे. कर्जाविषयी माझ्या मनात अढी नाही; उलट वेळेवर मिळालेल्या कर्जाने उभी राहिलेली शेकडो घरे मी पाहिली आहेत. माझा आग्रह क्रमाविषयी आहे. अतिगरीब कुटुंबाच्या बाबतीत कर्ज ही शेवटून पहिली पायरी आहे, आणि तुम्ही तिथून सुरुवात करायला निघाला आहात.

सूक्ष्म कर्ज कुठे उपयोगी पडते हे आधी पाहू. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात पहाटे भाजी उचलून दिवसभर हातगाडीवर विकणारी बाई, इचलकरंजीत घरातच शिलाईचे काम घेणारी बाई, कॉलेजच्या मुलांचे डबे करणारी बाई, गावच्या दूधसंस्थेला दोन वेळा दूध घालून दहा दिवसांनी बिल घेणारी बाई, या सगळ्यांमध्ये एक गोष्ट समान आहे. त्यांच्या हातात आधीच एक चालता धंदा आहे आणि त्यात पैसा रोज किंवा आठवड्या-दहा दिवसांनी येतो. अशा बाईला वीस-तीस हजार रुपये मिळाले तर ती दुसरी म्हैस घेते किंवा सावकाराचे महिना शेकडा पाच-दहाचे व्याज फेडून मोकळी होते, आणि हप्ता येणाऱ्या पैशातूनच जातो. धंदा आधीपासून असल्यामुळे कर्ज त्याला फक्त हात देते.

तुमच्या यादीतल्या घरांची स्थिती अशी नसते. जमीन नाही, किंवा असली तरी दहा-वीस गुंठे वरकस, जिच्यावर पोटापुरती नाचणी निघते. घरात कमावता माणूस एक, आणि अनेकदा ती एकटी बाईच. काम मिळते ते भाताच्या रोप लागणीला, मग कापणीला, आणि त्यानंतर ऊसतोडीच्या हंगामात जमेल तेवढे. आषाढाची लागण संपली की श्रावण-भाद्रपदात हाताला काम नसते, पाऊस थांबत नाही, आणि नेमके त्याच दिवसांत घरातले कोणीतरी तापाने पडते. अशा घराला दर सोमवारी ठरलेली रक्कम द्यायला सांगणे म्हणजे ज्या आठवड्यात उत्पन्न नाही त्या आठवड्यातही उत्पन्न आहे असे गृहीत धरणे होय.

याचा धडा मी माझ्या हातून झालेल्या चुकीतून शिकले, म्हणून ती इथे सांगते. २००७ साली शाहूवाडीतल्याच एका वाडीत आम्ही दहा बायकांचा गट केला होता आणि त्यात एका तरुण विधवेला आग्रहाने घेतले होते, कारण सर्वांत गरिबाला सोडायचे नाही असे आमचे ठरलेले होते. तिला दोन शेळ्यांसाठी सहा हजार रुपये कर्ज दिले. पन्नास आठवड्यांचा हप्ता १३५ रुपये बसला, आणि त्या काळी तिची दिवसाची हजेरी पन्नास-साठ रुपये होती, म्हणजे आठवड्यातले दोन ते अडीच दिवस ती हप्त्यासाठीच राबत होती. पावसाळ्यात एक शेळी हगवणीने मेली. दुसरी गाभण होती. दोन महिन्यांनी व्याली असती, पण हप्ता थांबत नव्हता आणि बाकीच्या नऊ जणी दारात येऊन बसू लागल्या, कारण तिचा हप्ता चुकला की सगळ्यांचे पुढचे कर्ज अडत होते. तिने गाभण शेळी मिळेल त्या भावाला विकली. दिवाळीत मी तिच्या घरी गेले तेव्हा पाण्याच्या जागी लग्नातला तांब्याचा हंडा दिसला नाही, तिथे प्लॅस्टिकची घागर होती. शेवटचे हप्ते त्या हंड्यातून फिटले होते. माझ्या वहीत मात्र तिच्या नावापुढचे सगळे रकाने भरलेले होते आणि वार्षिक अहवालात मी त्या गटाची वसुली शंभर टक्के अशी अभिमानाने लिहिली होती. वसुलीचा आकडा पैसा परत आला का एवढेच सांगतो, तो कशातून आला हे सांगत नाही, हे मला त्या घागरीने शिकवले.

आजच्या भावात हाच हिशेब मांडून पाहा. दोन चांगल्या शेळ्यांना वीस हजार रुपये धरा. बारा टक्के सरळ व्याजाने एका वर्षाचे २२,४०० रुपये होतात आणि पन्नास आठवड्यांचा हप्ता ४४८ रुपये बसतो. अडीचशे-तीनशे रुपये हजेरी मिळवणाऱ्या बाईचे आठवड्यातले दीड दिवसाहून अधिकचे काम त्यात जाते, तेही काम मिळाले तर. शेळीचा गाभण काळ पाच महिन्यांचा असतो. मध्यावर असलेली गाभण शेळी घेतली तरी करडे व्हायला अडीच महिने लागतात आणि ती विकण्याजोगी व्हायला पुढे आठ-नऊ महिने जातात. म्हणजे पहिला खरा पैसा साधारण अकराव्या महिन्यात येतो आणि हप्ता पहिल्या आठवड्यापासून सुरू असतो. तुमचे पाच हजारांचे कर्ज तर एका धड शेळीलाही पुरणार नाही. ते किराण्यात, दवाखान्यात किंवा जुन्या उधारीत जाईल, आणि त्याबद्दल त्या बाईला दोष देता येणार नाही, कारण तिची त्या क्षणाची गरज तीच असते.

हे केवळ माझ्या एकटीच्या अनुभवावर अवलंबून नाही. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी १९७६ साली जोब्रा गावात छोट्या कर्जांचा प्रयोग सुरू केला, १९८३ साली ग्रामीण बँक स्थापन झाली आणि २००६ साली दोघांना मिळून नोबेल शांतता पुरस्कार मिळाला, तेव्हा कर्जानेच गरिबी हटेल असा विश्वास जगभर पसरला होता. पुढे भारत, मोरोक्को, मेक्सिको, इथिओपिया, मंगोलिया आणि बोस्निया या सहा देशांतल्या सूक्ष्म कर्जाच्या कार्यक्रमांची काटेकोर तुलना करून तपासणी झाली. त्यातली भारतातली तपासणी हैदराबादच्या वस्त्यांमधली होती, आणि ती करणाऱ्यांत पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. २०१५ साली हे निष्कर्ष एकत्र छापले गेले. कर्जामुळे काहींचे धंदे वाढले आणि घराला खर्चाची वेळ निवडण्याची थोडी मोकळीक मिळाली, पण सरासरी कुटुंबाचे उत्पन्न उल्लेखनीय वाढले असे कुठेही ठामपणे दिसले नाही. कर्ज वाईट आहे असा याचा अर्थ नाही. त्याच्याकडून जी अपेक्षा केली गेली ती त्याच्या आवाक्यातली नव्हती, असा आहे.

बांगलादेशातल्याच ब्रॅक या संस्थेने ही गोष्ट लवकर ओळखली. आपल्या कर्जगटांत अगदी तळाची माणसे येतच नाहीत, आणि आली तरी टिकत नाहीत, हे लक्षात आल्यावर त्यांनी २००२ साली अतिगरिबांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला. त्यात साधारण दोन वर्षे एका घरासोबत राहायचे असते. सुरुवातीला उत्पन्न देणारी वस्तू, म्हणजे गाय, शेळ्या किंवा छोट्या दुकानाचा माल, कर्जाने न देता थेट द्यायची. ती वस्तू विकून खावी लागू नये म्हणून पहिले काही महिने खाण्यापुरती रक्कम द्यायची. ती सांभाळण्याचे शिक्षण द्यायचे, बचतीची सवय लावायची, आजारपणात आधार द्यायचा आणि एका कार्यकर्त्याने दर आठवड्याला घरी जायचे. याला ग्रॅज्युएशन पद्धत म्हणतात. सहा देशांतल्या दहा हजारांहून अधिक कुटुंबांवर तिची तपासणी होऊन २०१५ साली निष्कर्ष आले, आणि कार्यक्रम संपल्यावर एका वर्षानेही बहुतेक ठिकाणी खाणे, मालमत्ता आणि बचत वाढलेली दिसली. पश्चिम बंगालमध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्यात बंधन संस्थेने हे काम केले होते. तिथल्या कुटुंबांकडे संशोधक दहा वर्षांनी पुन्हा गेले तेव्हाही फरक टिकून होता. बिहार सरकारने २०१८ पासून ‘सतत् जीविकोपार्जन योजना’ या नावाने हीच पद्धत जीविका अभियानातल्या महिला संघांमार्फत राज्यभर नेली आहे.

ग्रॅज्युएशन पद्धतीच्या तपासणीतल्या सहा देशांपैकी एका देशातले अपयशही तुम्ही लक्षात ठेवा, कारण ते तुमच्या उपयोगाचे आहे. होंडुरासमध्ये बहुतेक कुटुंबांनी कोंबड्या घेतल्या, रोग आला, कोंबड्या मेल्या आणि त्या देशात कार्यक्रमाचा फायदा टिकला नाही. पद्धत तीच होती. वस्तू आणि तिच्या रोगाची काळजी चुकली. म्हणूनच कोणता प्राणी, कोणत्या हवेत, कोणत्या महिन्यात आणि लस कोण टोचणार, हे प्रश्न मला व्याजदराच्या प्रश्नाहून मोठे वाटतात.

कोल्हापूरकरांना हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढून दिले ही हकिकत आपल्याकडे घराघरांत सांगितली जाते, पण बहुतेक वेळा ती अर्धीच सांगितली जाते. भांडवल दिल्याने काम झाले नाही, कारण अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेऊ लागले, सोबतच्यांनाही पाजू लागले, आणि मग ते हॉटेल चालले. पैसा देणे, बाजार मिळवून देणे आणि माणसाला समाजात उभे करणे ही तिन्ही कामे एकाच वेळी झाली म्हणून तो धंदा टिकला. तुमच्या वाड्यांवर ज्या घरांना गावकीत कोणी विचारत नाही, त्यांच्याबाबत हे तिसरे काम तुम्हालाच करावे लागेल.

आता तुमच्या दहा लाखांकडे येऊ. दोनशे घरांचा हट्ट सोडा आणि वीस घरे घ्या. हे ऐकायला कठोर वाटेल आणि देणगीदारांना पटवायला अवघड जाईल, हे मी जाणते, पण पाच हजारांत दोनशे घरांपैकी एकाचेही पाऊल पुढे पडणार नाही. माझ्या हिशेबाने एका घराला दोन शेळ्यांचे वीस हजार, गोठ्याच्या दुरुस्तीचे अडीच हजार, सव्वीस आठवडे खाण्यापुरते चारशे रुपये म्हणजे १०,४०० आणि लस, विमा व औषधांचे साधारण हजार, असे मिळून ३४ हजारांच्या आसपास लागतात. वीस घरांचे ६ लाख ८० हजार झाले. वाडीजवळचीच एखादी शिकलेली सून किंवा मुलगी महिना बारा हजारांवर अठरा महिने नेमली तर २ लाख १६ हजार होतात. उरलेले लाखभर रुपये प्रवासाला आणि संकटनिधीला ठेवा. संकटनिधी म्हणजे घरातल्या कोणाला रात्री कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात न्यायचे झाले तर गाडीभाड्यासाठी शेळी विकावी लागू नये इतकी रक्कम, हाताशी आणि ताबडतोब.

वीस घरे निवडणे हे सगळ्यांत नाजूक काम आहे. सरपंचांकडून यादी मागितली तर ती मिळेल, पण तिच्यात जी घरे बोलू शकतात त्यांचीच नावे असतील. बचत गटालाही विचारून चालत नाही. गट सांभाळणाऱ्या बायका स्वभावाने वाईट नसतात, पण “तिला घेऊ नका ताई, ती हप्ता भरणार नाही आणि आम्ही गुंतू,” हे वाक्य मी प्रत्येक तालुक्यात ऐकले आहे, आणि सामूहिक हमीच्या पद्धतीत ते चुकीचेही नसते. वाडीतल्या मोकळ्या जागेत रांगोळीने घरांचा नकाशा काढायला लावा, प्रत्येक घरावर चिंचोके ठेवून कोणाचे कसे चालते हे बायकांनाच मांडू द्या, आणि नंतर तळाच्या प्रत्येक घरी स्वतः जा. चुलीशेजारच्या डब्यात किती दिवसांचे धान्य आहे, आजारी माणूस शेवटचा दवाखान्यात कधी गेला, मूल शाळा सोडून ऊसतोडीला जाते का, अंगठा देऊन घेतलेली उचल डोक्यावर आहे का, हे तिथे कळते. बैठकीला जी आलीच नाही तिच्या घरी आधी जा, कारण बैठकीच्या वेळी ती कोणाच्या तरी बांधावर कामाला गेलेली असते.

पैसा वाटण्याआधीचे तीन-चार महिने केवळ कागदांसाठी ठेवा. जे हक्काचे आहे ते मिळाले नसेल तर तुमची देणगी त्याच भोकातून गळून जाईल. अंत्योदय शिधापत्रिकेवर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते, पण अनेक पात्र घरांकडे केशरी कार्ड असते किंवा नावच कमी झालेले असते. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग आणि निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिच्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो काढायला बाईची दोन-तीन हजेरी बुडते, म्हणून ती जात नाही. तिच्यासोबत तुमची कार्यकर्ती गेली तर एका फेरीत काम होते. घरचा कर्ता गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी मदत मिळते. वर्षाला २० रुपयांचा सुरक्षा विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन ज्योती विमा हे प्रत्येकी दोन लाखांचे संरक्षण देतात. त्यासाठी बँक खाते सुरू आणि आधारशी जोडलेले असावे लागते, आणि डोंगरावरच्या निम्म्या अडचणी त्या जोडणीतच अडकलेल्या असतात.

वस्तू निवडताना त्या बाईला विचारा, आणि तिने ‘म्हैस’ म्हटले तर लगेच हो म्हणू नका. म्हशीला रोज वैरण आणि पेंड लागते, भाकड काळात ती काही देत नाही आणि एका म्हशीत सगळी जोखीम अडकते. दूधसंस्था जवळ असेल आणि घरात दोन माणसे राबणारी असतील तरच तो विचार करावा. शेळीच्या बाबतीत आपल्याकडे सरसकट उस्मानाबादी आणण्याची पद्धत आहे. ती शेळी गुणाची आहे, पण कोरड्या हवेची आहे, आणि घाटमाथ्याजवळच्या पावसात, ओल्या गोठ्यात तिला टिकवणे कठीण जाते. तिथे गावठी शेळी किंवा जास्त पावसाच्या पट्ट्यातली कोकण कन्याळ अधिक सोसते. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच लाकडी माच करा, म्हणजे लेंड्या-मूत खाली पडते आणि शेळी कोरडी बसते; अडीच हजार मी त्याच्यासाठीच धरले आहेत. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी आणि पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची वेळेवर, दोन्ही पशुसंवर्धन विभागाकडून टोचून घ्या. चांदोलीच्या बाजूच्या वाड्यांवर बिबट्याचा वावर असतो, म्हणून रात्रीचा गोठा बंदिस्त हवा. जनावर गेलेच तर वनविभागाकडून भरपाई मिळते, मात्र ताबडतोब कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो, आणि हे वाडीवर बहुतेकांना माहीत नसते.

ज्यांना जनावर सांभाळायचा अनुभव आहे पण ज्यांच्याकडे स्वतःचे जनावर कधी नव्हते, अशा बायका तुम्हाला अर्धलीच्या चौकशीत सापडतील. दुसऱ्याची शेळी किंवा वासरू सांभाळायचे आणि होणारे पिल्लू अर्धे-अर्धे वाटून घ्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. अर्धलीने दोन-तीन वर्षे शेळी सांभाळलेली बाई माझ्या दृष्टीने सर्वांत भरवशाची निवड आहे, कारण तिचे शिक्षण आधीच झालेले असते. फक्त जनावर तिच्या मालकीचे नसते. शेळी देताना तिच्या नावाने साधा कागद करा, घरातल्या पुरुषांसमोर तो वाचून दाखवा, आणि पहिल्या वर्षी शेळी विकायची वेळ आली तर आधी कार्यकर्तीला सांगायचे एवढाच शब्द घ्या.

एक इशारा देऊन ठेवते. फुकट दिलेल्या वस्तूवर गरीब माणूस सहज विश्वास ठेवत नाही; बंगालमध्येही निवडलेल्या कित्येक घरांनी सुरुवातीला नकार दिला होता. यामागे काय डाव आहे, नंतर काय मागतील, ही शंका अनुभवातून आलेली असते. कोणी नको म्हटले तर नाराज होऊ नका, चार आठवडे नुसते जात राहा. आठवड्याच्या भेटीत शेळीचे कान-डोळे पाहायचे, वही पाहायची, दहा-वीस रुपये बचत घ्यायची आणि घरातल्या माणसांची चौकशी करायची. अर्धा तास पुरतो. या भेटींचा खर्च वाचवावा असे विश्वस्तांना वाटेल. शेळीची किंमत कमी करा, घरे सोळा करा, पण भेटी कमी करू नका.

सुमारे अठरा महिन्यांनी, दुसऱ्या वेताची करडे दारात असताना, बचतीचे काही हजार खात्यात असताना आणि पावसाळा शेळी न विकता पार पडलेला असताना, मग कर्जाची वेळ येते. तेव्हाही संस्थेने स्वतः सावकार होऊ नये. व्याजाने पैसे देण्याच्या व्यवहाराला महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू होऊ शकतो, सूक्ष्म वित्त कंपनी म्हणून काम करायला रिझर्व्ह बँकेची नोंदणी लागते, आणि लोकांकडून ठेवी तर मुळीच स्वीकारू नयेत. वर सांगितलेली आठवड्याची बचतही थेट त्या बाईच्याच बँक किंवा पोस्टाच्या खात्यात गेली पाहिजे. या बायकांचा गट करून तो उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या ग्रामसंघाला, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाला, जोडणे हा सरळ मार्ग आहे. नाबार्ड या शेती व ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ साली गट आणि बँक जोडण्याचा प्रयोग अवघ्या पाचशे गटांपासून सुरू केला होता; आज पंचसूत्री पाळणाऱ्या गटाला, म्हणजे नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ठेवणाऱ्या गटाला, तीन लाखांपर्यंतचे कर्ज सात टक्क्यांनी मिळू शकते. अतिगरीब बायका आधी एकाच गटात ठेवाव्यात की इतरांत मिसळाव्यात यावर कार्यकर्त्यांत मतभेद आहेत. माझे मत मिसळावे असे आहे, पण सगळ्यांना सारख्या रकमेची सक्ती नसावी. एकीला महिन्याला शंभर आणि दुसरीला तीस भरता आले पाहिजेत, नाहीतर तीसवाली दोन महिन्यांत गळते.

कर्ज घेताना हप्ता तिच्या पैशाच्या वेळापत्रकावर बसवा. कोलकात्यात एका तपासणीत कर्जदारांना पहिल्या हप्त्याआधी दोन महिन्यांची सवड दिली, तेव्हा त्यांनी धंद्यात अधिक पैसा घातला आणि नफा वाढला. थकबाकीही वाढली, हेही सांगितले पाहिजे. सवड हवी, पण ती मोजून हवी. शेळीच्या कर्जाला सहामाही मोठा हप्ता, बकरी ईद किंवा जत्रेच्या आधी बोकड विकला की भरायचा. दुधाच्या कर्जाला दहा दिवसांच्या बिलातून कपात. मजुरीवर चालणाऱ्या घराला श्रावण-भाद्रपदात हप्ता नाही. ग्रामसंघात ठराव करून हे करता येते, आणि खासगी कंपनीच्या आठवडी वसुलीत ते सहसा होत नाही.

व्याजदर नेहमी घटत्या शिल्लकेवर किती पडतो ते विचारा. तीस हजारांचे दोन वर्षांचे कर्ज ‘बारा टक्के सरळ’ म्हणून दिले तर महिन्याचा हप्ता १,५५० रुपये येतो, आणि घटत्या शिल्लकेच्या हिशेबाने तो दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. फसवणूक करण्याचा हेतू नसतानाही हा घोळ होतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण दिलेले कर्ज हे सूक्ष्म कर्ज मानले जाते, घरावरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊ नयेत असे बंधन आहे, आणि मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड आकारता येत नाही. निम्म्याची ही मर्यादा अतिगरिबाला फार मोठी आहे. ज्या घराचा जवळजवळ सगळा पैसा खाण्यावर जातो तिथे उत्पन्नाच्या दशांशाहून जास्त हप्ता मी कधीच सुचवत नाही. शिवाय शेजारची खात्यापित्या घरची बाई या बाईच्या नावावर कर्ज उचलून स्वतः वापरते, हा प्रकार तुमच्या वाडीवरही घडेल. ज्याचे नाव त्याचाच वापर, हे गटाच्या बैठकीत उघडपणे विचारत राहा.

अठरा महिन्यांनी विश्वस्त आकडे मागतील. किती कर्ज वाटले आणि किती वसूल झाले हे देऊ नका. पहिल्या भेटीत जे विचारले होते तेच पुन्हा विचारा: डब्यात किती दिवसांचे धान्य आहे, दारात किती जनावरे आहेत, मूल शाळेत आहे का, सावकाराची उधारी किती राहिली, आणि गेल्या पावसाळ्यात घरातली कोणती वस्तू विकावी लागली. हा शेवटचा प्रश्न मी २००७ साली विचारला नव्हता.

वेळापत्रकही सांगते. माघ-फाल्गुनात वाडीचा नकाशा आणि घरभेटी उरका, म्हणजे उन्हाळ्यात रस्ते कोरडे असताना दाखले आणि बँक खाती होतील. पावसाळ्यात शेळी देऊ नका. त्या महिन्यांत फक्त चारशे रुपयांचा आठवडा सुरू करा, माच बांधून घ्या आणि अर्धल करणाऱ्या जुन्या बायकांकडून शिकवणी लावा. शेळ्या दिवाळीनंतर घ्या, कारण तेव्हा चारा भरपूर असतो आणि पुढे सात महिने पाऊस नसतो. वडगावच्या जनावरांच्या बाजारातून घेणार असाल तर त्या बाईला सोबत न्या आणि निवड तिला करू द्या.